मालिकेतल्या एका वाक्यावरून घेतलेला निर्णय: याला देवाने दाखवलेली वाट म्हणावे का?

ओसरी (धागाकर्ती), मंगळवार, रात्री 10:40

गेल्या महिन्यात घरात एक लहानशी गोष्ट घडली आणि तिने जो प्रश्न घातला तो मला एकटीला सुटत नाही, म्हणून इथे मांडते. या कट्ट्यावर दर मंगळवारी सिद्धिविनायकाला चालत जाणारे आहेत, देव मुळीच न मानणारे आहेत आणि परीक्षेच्या दिवसापुरते मानणारेही आहेत. सर्वांनीच मोकळेपणाने लिहावे.

आमचे घर लालबागच्या जुन्या चाळीत, 160 चौरस फुटांची खोली. भाडेपावती वडिलांच्या नावाची होती. ते गेल्यावर ती कोणाच्या नावावर करायची हा विषय आम्ही 5 वर्षे टाळला, कारण तोवर त्या खोलीची किंमत करण्याची वेळच आली नव्हती. आता चाळ पुनर्विकासात गेली आहे आणि खोलीच्या बदल्यात मालकीचे घर मिळणार आहे. भाऊ लग्नानंतर बदलापूरला राहायला गेला. आईचे आजारपण, दवाखाने आणि जागरणे मी केली. वडिलांसोबत शेवटपर्यंत मी राहत होते, तेव्हा पावती माझ्या नावावर होऊ शकते, भावाचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र तेवढे जोडा, असे मला सांगण्यात आले. मी ते टाइप करून आणले. त्याची सही एवढेच बाकी होते. तो सही करणार याची मला पूर्ण खात्री होती, कारण तो मला आजवर कशालाच नाही म्हणालेला नाही, आणि नेमके तेच मला आठ दिवस टोचत होते.

रात्री साडेआठला आई एक मालिका बघते. मी ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, म्हणजे चार पावलांवर उभी राहून, नुसती ऐकते. त्या मालिकेत एक आत्या आहे, जिने दीड वर्ष कारस्थानांखेरीज काही केलेले नाही. त्या दिवशी ती भाचीला म्हणाली, "घ्यायचं तर घे, पण त्याला विचारून घे. न विचारता घेतलंस तर आयुष्यभर दाराची कडी लावून बसशील." वाक्य काही थोर नाही. पण माझे कणकेचे हात परातीतच राहिले. मग ते धुतले आणि भावाला फोन लावला. "सही करायला ये" असे म्हणण्याऐवजी "दोघांच्या नावावर करायचं का?" असे मी त्याला विचारले.

माझी आजी असल्या गोष्टींना सरळ "देवाने सुचवले" म्हणायची. बस मिळाली तर देवाने पाठवली आणि चुकली तर देवाने चुकवली. तिच्या हिशेबात देव कधी तोट्यात जात नसे. मला तितके सहज म्हणता येत नाही, आणि नुसता योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही. जाहिरातींच्या मधल्या जागेत चालणाऱ्या करमणुकीतून देव बोलतो, असे मानणे हा भाबडेपणा आहे का?

शंकेखोर, मंगळवार, रात्री 11:25

ओसरीताई, आपण भावाला फोन केलात हे उत्तमच झाले. त्या कृतीवर माझा काडीचाही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो श्रेयाच्या वाटपावर.

मराठी मालिका आठवड्याचे सहा-सहा दिवस चालतात आणि त्यांतल्या निम्म्या मालिकांचे कथानक घर, वाटणी, सही आणि मृत्युपत्र याच चार खांबांवर उभे असते. ज्या घरात वाटणीचा प्रश्न आहे त्या घरात वाटणीवरचे एखादे वाक्य कानावर पडणे हे गणपतीच्या दिवसांत लालबागमध्ये ढोल ऐकू येण्याइतकेच स्वाभाविक आहे. त्याआधीच्या दीड वर्षात त्या आत्याने शेकडो वाक्ये उच्चारली असतील, ती कोणाच्याच लक्षात नाहीत. जे लागू पडले ते तेवढे उरले, आणि उरलेल्याला आपण संकेत म्हणतो. शिवाय आपणच लिहिले आहे की आठ दिवस टोचत होते. म्हणजे उत्तर तयार होते, ते बाहेर पडायला निमित्त हवे होते. ते मालिकेने दिले, उद्या भाजीवाल्यानेही दिले असते.

एकच प्रश्न विचारतो. त्याच आत्याने त्या रात्री "बारा वर्षं तू केलंस, आता मागे हटू नकोस" असे म्हटले असते, तर त्यालाही आपण देवाचे सुचवणे म्हटले असते का?

ओसरी, बुधवार, सकाळी 7:05

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. तसे वाक्य त्याच आठवड्यात आले होते, आणि एकदा नव्हे. त्याच मालिकेतली थोरली सून "सेवा केली तिचाच हक्क" असे तावातावाने बोलली होती आणि मी ओट्यापाशी उभी राहून मान डोलावली होती. शेजारच्या काकूही तेच म्हणाल्या, कामावरच्या मैत्रिणीही तेच म्हणाल्या. त्या कोणाच्याही बोलण्याला मी देवाचे सुचवणे म्हटले नाही, कारण ती सगळी माझीच वकिली होती. आत्याचे वाक्य वेगळे वाटले ते एवढ्याचसाठी की ते ऐकून मला बरे वाटले नाही. त्यात माझे नुकसान होते.

तेव्हा माझ्यापुरता मी एक निकष धरला आहे: जे ऐकून आपली सोय होते त्याला घाईने देवाचे नाव लावू नये. तो पुरेसा आहे असे मात्र मी म्हणत नाही.

परळकर_मालवणी, बुधवार, दुपारी 1:30

ताई, आमच्याकडे या प्रश्नाची रीतसर व्यवस्था आहे. गावी ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या किंवा कळे लावतो, गाऱ्हाणे घालतो, प्रश्न मोठ्याने विचारतो, आणि मग सगळे श्वास रोखून बसतात. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. मुंबईत जन्म काढलेली, हातात महागडा फोन बाळगणारी आमची मंडळी घर घेण्याआधी, लग्न ठरवण्याआधी, गिरणी बंद पडल्यावर गावी परतावे का हे विचारायला रात्रीच्या गाडीने गावी जातात. माझे वडील 1982 च्या संपानंतर गेले होते. डावा कौल मिळाला, म्हणून मुंबईत राहिले, आणि पुढची 20 वर्षे एका इमारतीच्या फाटकावर रखवालदारी केली. कौल बरोबर होता की चूक, हे ते कधी बोलले नाहीत.

आता शंकेखोरांच्या बाजूने एक कबुली देतो. डावा कौल आला की "देवा, प्रश्न नीट घातला नाही, पुन्हा विचारतो" असे म्हणून दुसऱ्या शब्दांत विचारल्याचे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकदा तर तिसऱ्यांदाही. माणूस देवालाही वकिलासारखा फिरवून प्रश्न विचारतो.

पण कौलाची एक बाजू आपल्या मालिकेच्या वाक्याला नाही. कौल चारचौघांत लावतात. मानकरी समोर असतात, भाऊबंद असतात, आणि काय विचारले व काय मिळाले हे सगळ्यांना ठाऊक असते. स्वयंपाकघरात एकट्याने ऐकलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो. म्हणून आपण फोनवर भावाला ते आत्याचे वाक्य सांगितलेत का, हे विचारावेसे वाटते.

आणि करमणुकीविषयी म्हणाल तर आमच्या दशावतारात देवाची सोंगे घेणारी माणसे दिवसा शेती करणारी असतात. संवाद लिहिलेले नसतात. रात्री उभे राहून, सुचेल तसे बोलायचे. बोलणारा आमच्या ओळखीचा असतो, आणि तरीही जत्रेच्या रात्री त्याच्या तोंडून आलेला शब्द म्हातारी माणसे जपून ठेवतात. बाकी शंकेखोरांनी रागावू नये, दशावताराच्या आरंभी संकासुर लागतोच.

शंकेखोर, बुधवार, दुपारी 2:10

संकासुर ही पदवी स्वीकारली. त्याचा शेवट विष्णूच्या हातून होतो, एवढे मात्र लक्षात ठेवून लिहीन.

वसईकर_माहीमवासी, बुधवार, रात्री 9:50

मी वसईचा ख्रिस्ती, आता माहीमला राहतो. आमच्या घरासमोरच्या रस्त्यावरून दर बुधवारी सेंट मायकेल चर्चच्या नोव्हेनाला, म्हणजे लागोपाठ नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेला, सर्व धर्मांची गर्दी जाते, त्यामुळे संकेत शोधणारी माणसे मी आठवड्यातून एकदा हजारोंनी पाहतो. ओसरीताईंनी जो निकष धरला आहे, त्याच्याशी मिळतीजुळती एक जुनी गोष्ट आमच्याकडे आहे आणि ती थेट करमणुकीशी संबंधित आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सरदार घराण्यातला तरुण. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय फुटला आणि तो कित्येक महिने घरी अंथरुणाला खिळला. वेळ जात नव्हता, म्हणून त्याने त्या काळातल्या लोकप्रिय करमणुकीची, म्हणजे शूर सरदार आणि त्यांच्या प्रेयसी यांच्या अद्भुत कथांची पुस्तके मागितली. घरात तसले एकही पुस्तक निघाले नाही. ख्रिस्ताचे चरित्र आणि संतांच्या कथा तेवढ्या निघाल्या. नाइलाजाने तो त्या वाचू लागला. पडल्या पडल्या तो दोन प्रकारची दिवास्वप्ने पाहत असे. एकात तो स्वतः पराक्रम गाजवून एका थोर घरच्या स्त्रीचे मन जिंकत असे, दुसऱ्यात संतांसारखा अनवाणी चालत जात असे. दोन्ही पाहताना आनंद सारखाच व्हायचा. फरक नंतर पडायचा. पहिले स्वप्न सरले की मन कोरडे आणि असमाधानी राहायचे, दुसरे सरल्यावरही प्रसन्नता टिकायची. हा फरक त्याच्या ध्यानात यायलाही बराच काळ लागला. पुढे 1540 मध्ये मान्यता मिळालेल्या येशूसंघाचा तो संस्थापक झाला, आणि मनातल्या हालचालींची पारख कशी करावी याची त्याने जी शिस्त घालून दिली तिचे मूळ या आजारपणात आहे. आपल्याकडचे सेंट झेवियर्स कॉलेज 1869 मध्ये याच संघाच्या धर्मगुरूंनी काढले.

मला यातली मुख्य गोष्ट अशी वाटते की संकेत कोठून आला याची त्याने फारशी चिंता केली नाही; तो आपल्यात काय मागे ठेवून जातो ते पाहिले, आणि तेही लगेच नव्हे. ओसरीताईंचे "बरे वाटले नाही" हे त्या रात्रीचे झाले. पुढच्या आठवड्यात काय वाटले? केवळ त्रास झाला म्हणून ते देवाकडचे, असेही धरून चालणार नाही. काही माणसांना स्वतःचे नुकसान करून घेण्याचीच सवय असते, आणि आपल्या समाजात घरातल्या मुलींना ती मुद्दाम लावलेली असते.

ओसरी, बुधवार, रात्री 11:15

शेवटचे वाक्य दोनदा वाचले. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

परळकर, नाही, भावाला मालिकेचे सांगितले नव्हते. हसला असता.

दूरदर्शन_पिढी, गुरुवार, सकाळी 10:20

25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी आमच्या चाळीत ज्या एका खोलीत रंगीत संच होता, तिथे 30-35 माणसे बसत आणि 'रामायण' सुरू होण्याआधी संचाला हार घातला जाई. दाराशी चपला काढल्या जात, हे वेगळे सांगायला नको. चार वर्षांनी, 1991 च्या निवडणुकीत, सीतेची भूमिका केलेल्या दीपिका चिखलिया लोकसभेवर निवडून गेल्या आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदीही गेले. तेव्हा पडद्यातून देव दिसतो याबद्दल माझी तक्रार नाही. पण माणूस त्या पडद्यातून पुढे काय काय पाहू लागतो, याला धरबंध राहत नाही, एवढे नोंदवतो.

गिरणगाव_टॉकीज, गुरुवार, दुपारी 4:45

मालिकेसारख्या बाजारू गोष्टीतून देव कसा बोलेल, हा प्रश्न मूळ धाग्यात आहे. माझ्या मते आपल्या भाषेत करमणूक आणि उपदेश यांची भिंत मुळात फार पक्की कधी नव्हतीच. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व सांगतात आणि उत्तररंगात आख्यान रंगवतात, आणि श्रोत्यांपैकी बहुतेक आख्यानासाठीच बसलेले असतात हे बुवांना पक्के माहीत असते. एकनाथांच्या भारुडांत तर गोंधळी आणि जोशी येऊन परमार्थ सांगून जातात.

चित्रपटाचेही तेच. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईतल्या एका तंबूतल्या थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि तो पाहत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला, त्याचे बीज त्या खेळात आहे. वसईकरांच्या धर्मातला पडदा पाहून आमच्या धर्मातला पडदा जन्माला आला. याला कोणी दैवी योजना म्हणेल, कोणी धंद्याची नजर म्हणेल. फाळक्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकले, हे पाहता धंद्याची नजर फार तीक्ष्ण होती असे मला वाटत नाही.

पण खरी सांगायची गोष्ट आजोबांची आहे. ते गिरणीत साच्यावर होते आणि चाळीच्या भजनी मंडळात मृदंग वाजवत. 'आधी बीज एकले' ही रचना त्यांची फार आवडती. बीजातून रोप, रोपातून झाड आणि झाडाच्या पोटी पुन्हा बीज, ही कल्पना त्यांनी आयुष्यभर आधारासारखी धरली. त्यांचा एक मुलगा लहानपणी गेला, तेव्हाही हेच गायले होते म्हणे. ते हा तुकोबांचा अभंग समजत. कॉलेजात असताना मला कळले की तो गाथेतला नाही. प्रभात कंपनीने 1936 मध्ये 'संत तुकाराम' काढला, त्यासाठी शांताराम आठवले यांनी तो लिहिला, आणि तो इतका हुबेहूब उतरला की भल्याभल्यांना तो गाथेतला वाटला. तेव्हाच्या वयाला शोभेल अशा फाजील उत्साहाने मी हे आजोबांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं. मग आठवल्यांना कोणी सांगितलं?"

मला तेव्हा उत्तर आले नाही. चित्रपटातले गीत आहे हे कळल्यावरही त्यांनी ते गाणे सोडले नाही. सुरुवातीला "तुकोबा म्हणतात" असे जे सांगत, ते मात्र सोडले. खोटे श्रेय गेले आणि आधार राहिला.

शंकेखोर, गुरुवार, सायंकाळी 6:00

आठवल्यांना प्रभात कंपनीने सांगितले. पगारी नोकरीत माणसाला पुष्कळ सुचते.

तरीही आजोबांचे उत्तर मला आवडले, आणि "तुकोबा म्हणतात" त्यांनी सोडले हे त्याहून आवडले. माझी मागणी तेवढीच आहे. वाक्य मालिकेच्या लेखकाचे, निर्णय ओसरीताईंचा. त्यापलीकडे जे म्हणायचे ते म्हणावे, पण या दोघांचे श्रेय पुसून नव्हे.

रोजची_जलद_लोकल, गुरुवार, रात्री 11:55

हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहावे की नाही हे ठरत नव्हते.

11 जुलै 2006 रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि 180 हून अधिक माणसे गेली. माझे यजमान तेव्हा चर्चगेटहून नेहमी पहिल्या वर्गाने येत. त्या दिवशी कचेरीतल्या कपाटाची किल्ली सापडेना, म्हणून त्यांना अर्धा तास उशीर झाला आणि गाडी चुकली. त्या रात्री फोन लागत नव्हते. ते चालत, मिळेल त्या वाहनाने, पहाटे घरी पोचले. पुढचे कित्येक दिवस घरी येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणत होता, की देवानेच किल्ली लपवली. सासूबाईंनी ती किल्ली कचेरीतून मागून आणून देवघरात ठेवावी असेही सुचवले होते.

आमच्याच इमारतीतल्या, बाजूच्या जिन्यातल्या एक बाई होत्या. त्यांच्या मुलाची किल्ली वेळेवर सापडली होती.

मी देव मानते. रोज दिवा लावते. पण त्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या त्या दिवसापासून "देवाने वाचवले" हे वाक्य मी तोंडातून काढलेले नाही, कारण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांना ऐकू जातो. गाडी मिळणे, गाडी चुकणे, यांत मार्गदर्शन वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे की आपले वाक्य कोणाच्या कानावर पडते आहे ते पाहावे. ओसरीताईंची गोष्ट मला यापेक्षा निराळी वाटते. त्यात कोणी वाचले नाही, कोणी बुडाले नाही. काय करायला हवे तेवढे कळले. देवाकडून मी आता तेवढेच मागते.

ओसरी, शुक्रवार, सकाळी 6:50

ताई, मी आजीच्या हिशेबाबद्दल जे गमतीने लिहिले, ते आता गमतीचे वाटत नाही. बस चुकवणाऱ्या देवाविषयी पुन्हा तसे लिहिणार नाही.

अंगठाबहाद्दर, शुक्रवार, दुपारी 12:15

या विषयाचे सध्याचे सर्वांत धोकादायक रूप कोणीच मांडलेले नाही, म्हणून लिहितो. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर "हा व्हिडिओ तुमच्यापर्यंत योगायोगाने आलेला नाही, स्वामींनी तुमच्यासाठी पाठवला आहे, पुढे ढकलू नका" अशा चित्रफितींचा पूर आला आहे. घड्याळात 11:11 दिसले तर अमुक, पांढरे पीस दिसले तर तमुक. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी अशीच एक चित्रफीत पाहून रक्तदाबाची गोळी बंद केली. कारण "औषधांपासून मुक्तीचा काळ सुरू झाला आहे" हे वाक्य त्यांना लागोपाठ तीन दिवस ऐकू आले होते. चक्कर येऊन पडल्या तेव्हा आम्हाला कळले.

तीन दिवस ऐकू येण्याचे कारण दैवी नव्हते. पहिल्या दिवशी त्यांनी ती चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली, म्हणून यंत्राने दुसऱ्या दिवशी तशीच आणखी वाढली. आपण कशापाशी थांबतो, काय पुन्हा पाहतो, याची नोंद ठेवून आपल्याला रुचेल तेच पुढ्यात टाकणे हे त्या यंत्रणेचे काम आहे आणि ते ती चोख करते. ओसरीताईंच्या मालिकेतली आत्या त्यांना ओळखत नव्हती. ती सगळ्या महाराष्ट्राला एकच वाक्य ऐकवत होती आणि त्यातले ज्याला लागायचे त्याला लागले. फोनमधला "संकेत" मात्र आपल्याला ओळखून, मापे घेऊन शिवलेला असतो. कौलाच्या पाकळ्या निदान आपला मागचा इतिहास तपासून पडत नाहीत.

म्हणून जुन्या पद्धतीच्या करमणुकीचा एक गुण मला आता कळू लागला आहे. ती आपल्यासाठी बनवलेली नसते.

परळकर_मालवणी, शुक्रवार, दुपारी 12:40

गुरवाने मागचा इतिहास तपासलेला असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. बाकी सहमत.

वसईकर_माहीमवासी, शुक्रवार, रात्री 8:30

औषधाच्या बाबतीत एकच सांगतो. चिन्ह कितीही स्पष्ट वाटले तरी जाणत्या माणसाला दाखवल्याखेरीज त्यावर पाऊल टाकू नये, हा दंडक आमच्याकडच्या मार्गदर्शकांनी फार कसोशीने पाळला आहे. परळकरांचे मानकरी आणि आमचे धर्मगुरू यांचे येथे एकमत दिसते. आजाराबाबत जाणता माणूस म्हणजे डॉक्टर.

ओसरी, तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री 9:40

धागा वर आणते आहे, कारण काहींनी व्यक्तिगत निरोपातून पुढे काय झाले ते विचारले.

भाऊ मागच्या रविवारी आला. मी त्याला परळकरांच्या सांगण्यावरून आत्याचे वाक्य सांगितले. तो हसला, अपेक्षेप्रमाणे. मग म्हणाला की त्याला सही करायचीच होती, पण मी फोनवर "ये आणि सही कर" म्हणाले असते तर सही करून तो पुन्हा या घरी आला नसता, असे त्याच्या मनात पक्के होते. हे तो इतक्या सहज म्हणाला की मला ते कळायला दोन मिनिटे लागली. दोघांची नावे घालून अर्ज दिला आहे. समितीने त्यावर तीन नव्या कागदांची मागणी केली आहे. वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही, कारण तिच्या मते मी आधी सगळे स्वतःच्या नावावर करायला निघाले होते, आणि ते खरेच आहे.

वसईकर, पुढच्या आठवड्यात काय वाटले असे आपण विचारले होते. पहिले चार दिवस पस्तावले. आकडेमोड करत होते. पाचव्या दिवशी आईला आंघोळ घालताना लक्षात आले की सकाळपासून आकडेमोड केलेली नाही. मुलींना लावलेल्या सवयीचा जो मुद्दा आपण काढलात, तो मी तेवढ्यावर सोडलेला नाही; माझे नाव पावतीवर पहिले लिहायला लावले आणि आईच्या औषधांचा निम्मा खर्च भावाने द्यायचा, असेही त्याच बैठकीत ठरवून घेतले. ते कोणत्याही मालिकेत ऐकलेले नव्हते.

शंकेखोर, रविवार, रात्री 10:05

आनंद वाटला. आत्या सध्या काय म्हणते आहे?

ओसरी, रविवार, रात्री 10:20

ती भूमिका करणारी नटी बदलली. नवीन आत्या पुन्हा कारस्थाने करू लागली आहे. आईला हे अजिबात पटलेले नाही आणि ती रोज साडेआठला टीव्हीसमोर बसून तिला तसे मोठ्याने सांगते.